गॅरेजच्या ओट्यावरून : सकाळची पहिली किक

डिसेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत निमूटपणे फिरणारे आपण खान्देशी लोक, पारा आठ-नऊवर आला की हबकतो. केळीवाल्यांना बागेची काळजी आणि बाकीच्यांना गाडीची. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडच्या थंडीनं चांगली गाडी अडत नाही. कमजोर बॅटरी, झिजलेला प्लग, नाहीतर चालवणाऱ्याची जुनी खोड, ही दुखणी उन्हाळ्यात झाकून राहतात आणि पहाटे पाचला उघडी पडतात. आता पत्रं.

मिस्तरी, माझा दुधाचा धंदा आहे. पहाटे कॅन बांधून निघावं लागतं. गाडी २०१४ची, शंभर सीसीची. चोक ओढून दहा-बारा किका मारतो, मधूनमधून रेसही देतो, पण गाडी दाद देत नाही आणि नंतर पेट्रोलचा वास सुटतो. दुपारी तीच गाडी अर्ध्या किकेत चालू. आई म्हणते, 'गाडीले बी गोधडी टाक.' — दूध व्यावसायिक, पारोळा तालुका

भाऊ, तुमच्या पत्रातच रोग लिहिलेला आहे: 'मधूनमधून रेसही देतो.'

पेट्रोल पातळ असताना पेटत नाही, त्याची वाफ पेटते. इंजिन गरम असलं की कारबोरेटरमधून, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, आलेला फवारा लगेच वाफ होतो. गार इंजिनात तेच पेट्रोल नळीच्या भिंतीला आणि सिलिंडरला थेंबाथेंबानं चिकटून बसतं. वाफ होते थोडीच, आणि तेवढ्यावर प्लगच्या ठिणगीचं भागत नाही. गरम इंजिनाला वजनानं साधारण एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा लागते. गार इंजिनाला त्याच हवेत पेट्रोल बरंच जास्त द्यावं लागतं, म्हणजे त्यातल्या जेवढ्याची वाफ होईल तेवढ्यावर काम निभावतं. चोक हेच करतो. तो हवेची वाट अडवतो, इंजिनाची ओढ वाढते आणि त्या ओढीनं जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, जास्त पेट्रोल वर येतं. तुम्ही एक्सिलेटर पिळला की कारबोरेटरची झडप उघडते, हवा आत घुसते आणि चोकनं तयार केलेली ओढ तिथंच संपते. म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं. पहिल्या चार-पाच किका अशा वाया जातात, आणि पुढच्या किकांनी साठलेलं पेट्रोल प्लगवर जाऊन तो ओला होतो. वास येतो तो त्याचा.

उद्या असं करा. पेट्रोल कॉक चालू. चोक पूर्ण ओढलेला. चावी बंद ठेवूनच दोन-तीन किका सावकाश दाबा. त्यानं गार तेलात अडकलेलं इंजिन मोकळं होतं आणि मिश्रण सिलिंडरपर्यंत पोचतं. मग चावी चालू करा, एक्सिलेटरला हात न लावता किक वरपासून खालपर्यंत पूर्ण मारा. अर्धवट किका मारणाऱ्यांचा मला राग येतो. नुसते पाय हलवतात आणि दोष कंपनीला देतात. गाडी एकदा फुरफुरून बंद पडली तर चोक अर्धा करून पुन्हा मारा. चालू झाली की अर्ध्या-एक मिनिटात चोक अर्ध्यावर आणा, आणि आवाज स्थिर झाला की पूर्ण ढकला. कॅन बांधून होईपर्यंत चोक बंद झालेला असला पाहिजे. चोक ओढलेला विसरून पारोळ्यापर्यंत गेलात तर काळा धूर, काळा प्लग आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज हे तर होतंच. शिवाय जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. तो खर्च मोठा आहे.

पेट्रोलचा वास आलाच तर उलटं वागायचं. चोक बंद, कॉक बंद, एक्सिलेटर पूर्ण उघडा आणि पाच-सहा किका. आता हवा हवी आहे. तरी नाही झाली तर प्लग काढून कोरडा करा आणि प्लग बाहेर असताना दोन किका मारून आतलं पेट्रोल उडवून द्या. त्या वेळी चावी बंदच असली पाहिजे आणि प्लगची टोपी भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलचा फवारा येतो, त्याला ठिणगी दाखवायची नाही. बिडीसुद्धा नाही.

हे सगळं करूनही आठवडाभरात फरक पडला नाही तर प्लग बघा. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांना ०.७ ते ०.८ मिलिमीटरची गॅप लागते. टोक झिजून ती वाढली की दुपारी ठिणगी उडी मारते, पहाटे मारत नाही. त्यानंतर स्लो जेट. एक्सिलेटर बंद असताना सगळं पेट्रोल त्याच्याच सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येतं. त्यात चिकटा बसला की दिवसा चालून जातं, पहाटे नाही.

आईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. गाडी उघड्यावर असेल तर रात्रीचं दव प्लगच्या टोपीत उतरतं, आणि जुन्या वायरीला बारीक चिरा असतील तर ठिणगी प्लगपर्यंत जाण्याआधी इंजिनाच्या अंगावरच निसटते. इंजिन निवल्यावर वरून गोणपाट टाका, सकाळी काढा, टोपी कोरड्या फडक्यानं पुसा. गोधडी मात्र गाडीवर वाया घालवू नका.

माझी २०२१ची स्कूटर आहे, तिला चोकच नाही. घरापासून शाळा दोन किलोमीटर. आठ दिवस झाले, सकाळी सेल्फ मारला की नुसतं कुरकुरतं. बंद पडायला नको म्हणून एक्सिलेटर धरून सेल्फ दाबून ठेवते. इंजिनाचं काम निघालं आहे का? — शिक्षिका, शिरपूर

ताई, इंजिन बरं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि बहुतेक दुचाकींत कारबोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. चोकचं काम आता गाडीतला कॉम्प्युटर करतो. इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर त्याला किती गार आहे ते सांगतो आणि त्या हिशेबानं तो पेट्रोल जास्त सोडतो. त्याला एवढंच हवं असतं की चावी फिरवल्यावर तुम्ही दोन-तीन सेकंद थांबावं. टाकीतल्या पंपाचा बारीक 'झूं' आवाज येऊन थांबतो. तो थांबला की सेल्फ, आणि एक्सिलेटरला हात नाही. हात लावला की त्याचा हिशेब बिघडतो.

कुरकुर बॅटरीची आहे. गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं तेल सेल्फकडून जास्त जोर मागतं. त्यात तुमची फेरी दोन किलोमीटरची. २०१७ पासून हेडलाइट कायम चालू असतो, म्हणजे सेल्फनं सकाळी खाल्लेली वीज परत भरायच्या आत शाळा येते. रोज थोडी थोडी तूट. रविवारी पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवा आणि गावातल्या कोणत्याही बॅटरीवाल्याकडून व्होल्टेज बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६च्या आसपास दिसलं तर ठीक, १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. सेल्फ दाबताना काटा दहाच्या खाली पडत असेल आणि बॅटरी अजून २०२१चीच असेल तर तिनं आपलं काम केलं, आता बदला.

सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा. तुमच्या मॉडेलला किक असेल तर दिवसाची पहिली सुरुवात किकनंच करा. एक गोष्ट मुलांना सांगून ठेवा: गिअर नसलेली स्कूटर धक्का मारून चालू होत नाही. तिचा क्लच इंजिन फिरल्यावरच पकडतो. शाळेतली पोरं हौसेनं ढकलतात, घामाघूम होतात आणि तुम्हाला उशीर होतो.

माझ्याकडे अँपिअर मीटरवाली, कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट आहे. रेल्वेत असताना घेतली. आता नातू चालवतो. थंडीत किक उलटी मारते, परवा त्याच्या पोटरीला सूज आली. मी सांगतो ते तो ऐकत नाही. तुमच्या अंकात आलं तर ऐकेल. — सेवानिवृत्त, भुसावळ

नाना, पत्र वाचून बरं वाटलं. आता हे नातवाला वाचायला द्या.

बाळा, ही गाडी पायाच्या जोरावर चालू होत नाही. आधी पायात बूट घाल, चपलेवर हिला हात लावायचा नाही. मेन स्टँडवर घे, न्यूट्रल बघ. चावी बंद ठेवून डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, लिव्हर दाबून धर आणि चार-पाच किका सावकाश खाली ने. रात्रभर निवलेलं जाड तेल इथं सुटतं. आता कारबोरेटरपाशी चोक लाव, चावी चालू कर आणि मीटरकडे बघ. किक हळूहळू दाबत ने. काटा वजाकडे झुकेल, मग एका जागी किक कडक होईल आणि काटा मध्यावर येऊन उभा राहील. कॉन्टॅक्ट पॉइंट उघडल्याची, म्हणजे ठिणगी पडायची वेळ आल्याची, ती खूण आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ आला. इथंच जोर लावलास तर ठिणगी पिस्टनला माथ्याआधी गाठते, तो उलटा फिरतो आणि किक पोटरीवर येते. म्हणून थांब. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाब, किक आणखी बोट-दोन बोटं खाली सरकव, लिव्हर सोड, किक वर येऊ दे. आता पिस्टन माथा ओलांडून पलीकडे आहे. पुढच्या ठिणगीपर्यंत फिरायला इंजिनातल्या जड चाकाला भरपूर वाट मिळते. आता अंगाचं वजन टाकून एकच पूर्ण किक. एक्सिलेटर नको. गुडघा ताठ ठेवू नकोस.

एवढं नीट केलं आणि तरी उलटी मारली तर ठिणगीचं टायमिंग पुढे सरकलेलं आहे. पॉइंटची गॅप आणि टायमिंग जुन्या माणसाकडून बघून घ्या. भुसावळात असे हात अजून आहेत. नाना, महिना-दीड महिना गाडी उभी राहिली असेल तर तेल खाली क्रँककेसमध्ये उतरून किक दगडासारखी लागते. तशा वेळी नातवाला घाई करू देऊ नका, लिव्हर दाबून दहा-बारा वेळा फिरवू द्या. आणि त्याला गाडी पुसायलाही लावा.

व्हिडिओत सांगतात की थंडीत गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवावी. मी ठेवतो, थोडी रेसही करतो. शेजारचे काका भांडायला येतात. — विद्यार्थी, धुळे

काका बरोबर आहेत.

अर्धा ते एक मिनिट पुरे. त्यानंतर पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी हळू चालवायची. एक्सिलेटर निम्म्याच्या खाली, गिअर वेळेवर बदलत. चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं, उभ्या गाडीचं रेंगाळत तापतं. त्या दहा मिनिटांत जास्तीचं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून तेल पातळ करतं आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. गार इंजिनाची रेस तर सगळ्यात वाईट. तेल खाली चेंबरमध्ये असतं, वर कॅमपर्यंत पोचायला त्याला काही क्षण लागतात. तेवढ्यात तू सहा-सात हजारांवर नेलंस की वरचे पार्ट कोरडे घासतात.

आणखी एक, आणि हे काकांसाठीसुद्धा. बंद पडवीत किंवा जिन्याखाली गाडी चालू करून ठेवू नका. सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि थंडीत घराची दारं-खिडक्या बंद असतात. गाडी बाहेर ढकलून आणा, मग चालू करा.

गाडी शेतातल्या शेडमध्ये असते, कधी आठ-आठ, दहा-दहा दिवस हात लागत नाही. नंतर चालूच होत नाही. सालदार गाडी एका अंगाला आडवी करून चालू करतो, ते जमतं कधीकधी. शेजारचा म्हणतो, इंजिनाखाली चिंध्या पेटवून शेक दे. दुसरा म्हणतो, गरम पाणी ओत. कोणाचं ऐकू? — केळी उत्पादक, रावेर तालुका

आप्पा, सालदाराचं ऐका. गाडी आडवी केली की कारबोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल जेटकडे चढतं आणि मिश्रण क्षणभर दाट होतं. म्हणजे चोकच, गावठी. जुन्या स्कूटरवाल्यांनी आयुष्य त्यावर काढलं. फक्त खूप वेळ आडवी ठेवू नका; पेट्रोल सांडतं आणि बॅटरी जुन्या पद्धतीची असेल तर अ‍ॅसिडही.

चिंध्यावाल्याला शेडपासून लांब ठेवा. कडाक्याच्या रात्री बागेत शेकोट्या करून धूर करता, ते केळीसाठी ठीक आहे. गाडीच्या टाकीत पेट्रोल आहे, वाटीत पेट्रोल आहे, आणि ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनाच्या खालीही थेंब असतात. तुमच्या शेडमध्ये ठिबकच्या नळ्या आणि वाळलेली केळीची पानंही असणार. गरम पाण्यानं आग लागत नाही एवढंच. ते कॉइलमध्ये आणि टोपीत जातं आणि दुपारीही गाडी चालू होत नाही.

तुमचं खरं दुखणं वाटीत आहे. आठ-दहा दिवसांत वाटीतल्या पेट्रोलचा लवकर उडणारा भाग उडून जातो, आणि पहाटे पेटायला नेमका तोच लागतो. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि गारठ्यात त्याची वाफ साध्या पेट्रोलपेक्षा कष्टानं होते. म्हणून गाडी उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, वाटी रिकामी होईल. निघताना कॉक उघडून अर्धा मिनिट थांबा, ताजं पेट्रोल भरू द्या. हे आधी केलेलं नसेल तर वाटीखालचा स्क्रू ढिला करून जुनं पेट्रोल बाटलीत काढा. बाटलीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीही धुवावी लागेल. टाकी भरलेली ठेवलीत तर आत दव धरायला जागा कमी राहते.

शेतातल्या गाडीचं एक वेगळंच असतं. चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरचा डबा बघा. कुंभारमाशी चिखलाचं घर करते आणि उंदीर फिल्टरमध्ये कापूस भरतात. माझ्याकडे कारबोरेटर दोनदा खोलून आलेल्या अशा एका गाडीच्या डब्यात पिल्लं निघाली होती.

धडगावहून तोरणमाळला नेहमी जाणं होतं. वर मुक्काम केला की सकाळी गाडी चालू होते, पण पहिला गिअर टाकला की उडी मारून बंद पडते. तेल बदलू का? — आरोग्यसेवक, नंदुरबार जिल्हा

दादा, तोरणमाळ, डाबकडचा गारठा वेगळाच. तिकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात. रात्री क्लचच्या प्लेटा जाड तेलानं एकमेकींना चिकटतात. तुम्ही लिव्हर ओढता, पण प्लेटा सुटत नाहीत. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण ओढा आणि गाडी पुढे-मागे हलवा. कट्कन सुटल्यासारखं कळेल. मग न्यूट्रल करून चालू करा. क्लचच्या तारेत ढील जास्त असेल तर तीही आवळून घ्या.

तेलाचं म्हणाल तर मॅन्युअल सांगेल तेच. १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल आणि कोणी २०डब्ल्यू-५० टाकलं असेल तर गारठ्यात ते जड जाणारच; पहिला आकडा गार असतानाचा जाडपणा सांगतो. डब्यावर 'जासो एमए', म्हणजे मोटारसायकलच्या क्लचला चालणारं तेल, असल्याची खात्री करा. जीपचं उरलेलं तेल मोटारसायकलीत ओतू नका, त्यातल्या रसायनांनी क्लच घसरायला लागतो, आणि तोरणमाळचा घाट तशा क्लचवर चढायचा नाही. तुमची गाडी कारबोरेटरची असेल तर आणखी एक. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे, हवा विरळ, त्यामुळे मिश्रण आपोआप थोडं दाट होतं. खाली जेवढा वेळ चोक लागतो त्यापेक्षा वर कमी वेळ ठेवा.

थोडक्यात

*सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पाणी ठिपकतं. (चाळीसगाव)* पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, ती गार सायलेन्सरमध्ये पाणी होते. गाडी तापल्यावर थांबतं. तापल्यावरही निळसर धूर राहिला तर तेल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील बघा.

*गाडी चालू होत नाही, फोटो पाठवतोय. (एरंडोल)* फोटोत उजव्या मुठीजवळचं लाल बटण बंद दिसतंय.

*चोकवर मस्त चालते, चोक ढकलला की बंद. तापल्यावरही तेच. (पाचोरा)* कुठून तरी चोरटी हवा आत येतेय नाहीतर स्लो जेट तुंबलाय. आधी कारबोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर वाकवून बघा. जुन्या गाड्यांना तिथं चीर पडते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यानं तर लवकरच. चीर दिसली तर रबर बदला आणि क्लॅम्प आवळा. त्याआधी कारबोरेटर कोणाला खोलू देऊ नका.